उत्तर देणाऱ्यानं उभं राहायचं

मी तलाठी होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुम्ही मला शिव्या द्याल तेव्हा नाव-पत्ता शोधायला नको. आता केडगावात असतो, गुडघे धरलेत, आणि चहात साखर बंद केलीय म्हणून सुनेशी रोज भांडतो. पण एके काळी श्रीगोंद्याच्या बाजूला टाकळवाडी नावाच्या गावात मी म्हणजे सरकार होतो. अठ्ठावीस वर्षांचं पोरगं, आणि सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यांनी 'भाऊसाहेब, भाऊसाहेब' करत पुढं यायचं. डोकं फिरायला आणखी काय लागतं?

तिथं सहादू कोतवाल होता. त्याची गोष्ट सांगायची आहे.

कोतवाल म्हणजे सरकारच्या शिडीची शेवटची पायरी. त्याच्या खाली जमीनच. टपाल पोचवायचं, माणसं बोलावून आणायची, दवंडी द्यायची, चावडी झाडायची आणि चावडीतला माठ भरून ठेवायचा. सहादू पन्नाशीचा, काटकुळा, गळा मात्र खणखणीत. छप्पन साली त्यांच्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला आणि हलगी खाली ठेवली ती ठेवलीच. सहादू दवंडी द्यायचा ती नुसत्या गळ्यावर, हातात शाळेची जुनी घंटा घेऊन. बारा-तेरा वर्षं नोकरी झाली होती, पण चावडीत कधी बसला नाही. दाराच्या खांबाला टेकून उभा. मी म्हणायचो, "बस की रे." तो म्हणायचा, "हाय की बरा." दोनदा म्हणून मीही गप्प बसलो. चावडीत खुर्ची एकच होती आणि तिच्यावर मी होतो.

त्यानं भरलेल्या माठातलं पाणी मी बेलाशक प्यायचो, आणि त्याचा मला मोठा अभिमान होता, बरं का! आधीचा तलाठी स्वतःची कळशी वेगळी ठेवायचा म्हणे. मी कसा सुधारलेला, असं मनातल्या मनात माझंच कौतुक चालायचं.

त्र्याहत्तरचा मार्च. बहात्तर साली पाऊस आलाच नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, सुकडी आणि मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी खात होती. एक दिवस सहादू तालुक्याहून टपाल घेऊन आला. वर लाल शाईत 'तात्काळ. विधानसभा तारांकित प्रश्न.' मी आयुष्यात पहिल्यांदा असला कागद बघत होतो, म्हणून जरा मोठ्यानंच वाचला. 'मौजे टाकळवाडी येथील पिण्याच्या पाण्याच्या सर्व विहिरी आटल्या आहेत, हे खरे आहे काय? असल्यास, टँकरने पाणीपुरवठा करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली आहे?' शाळेतल्या सूर्यभान गुरुजींनी एका आमदाराला पोस्टकार्ड टाकलं होतं, हे मला मागाहून कळलं.

सहादू म्हणाला, "भाऊसाहेब, ह्ये कोन इचारतंय?"

मला शिकवायची हौस भारी. चावडीच्या जमिनीवर तीन खडे मांडले. म्हटलं, "हा बघ, हा कायदा करतो, ती विधानसभा. हा कारभार हाकतो, ते मंत्री आणि त्यांच्या खालचे आपण सगळे. आणि हा तिसरा, कोर्ट. पहिल्या दोघांचं कुठं चुकलं तर हा कान धरतो. असेच तीन दिल्लीला मोठे. मिलो दिल्लीनं पाठवला, पण पाण्याचं बघायचं ते मुंबईनं. वाटून घेतलंय."

"मग ह्या तिघांत पाटील कोन?"

"कुणीच नाही. तिघं एकमेकांवर डोळा ठेवून."

त्याला ते फारसं पटलं नाही. पाटलाशिवाय गाव कसं चालेल? मग मी सांगितलं, की आमदारानं प्रश्न विचारला की मंत्र्याला सभागृहात सगळ्यांसमोर उभं राहून उत्तर द्यावं लागतं. उत्तराचं समाधान झालं नाही तर आमदार उपप्रश्न विचारतो, त्यालाही उभं राहूनच उत्तर.

सहादू खांबापासून सरळ झाला. "मंत्री हुबा ऱ्हातो?"

"व्हय. उत्तर देणाऱ्यानं उभं राहायचं, असा नियमच आहे."

"आन् इचारनारा?"

"विचारून खाली बसतो."

"आयला!" असं म्हणून तो हसायला लागला. तोंडावर हात ठेवून हसत होता, पण डोळ्यांत काय आनंद होता! आयुष्यभर तो उभा राहिलेला माणूस. सरकारमधला सगळ्यात मोठा माणूस त्याच्यासारखा उभा राहतो, ही गोष्ट त्याला एवढी गोड लागेल असं मला वाटलं नव्हतं.

मग मी सांगितलं, की मंत्र्याला काय ठाऊक टाकळवाडी कुठं आहे? म्हणून प्रश्न खाली येतो. सचिवालयातून कलेक्टरकडं, तिथून प्रांत, मामलेदार, सर्कल, आणि शेवटी माझ्याकडं. मी लिहीन ते वर चढत चढत मंत्र्याच्या तोंडी जाणार. छाती फुगली होती माझी.

आणि मी काय लिहिलं? '(१) हे खरे नाही. (२) प्रश्न उद्भवत नाही.'

का लिहिलं? दोन महिन्यांपूर्वी मीच 'पाणी पुरेसे आहे' असा अहवाल सही करून पाठवला होता. आता 'नाही' म्हटलं तर मी आधी झोपलो होतो का, असं विचारतील. आणि खरं सांगू? मला खरंच वाटत होतं की पाणी आहे. माझा माठ रोज सकाळी काठोकाठ भरलेला असायचा! लोकांना काय, तक्रार करायची सवयच असते, असं म्हणून पाकीट बंद केलं. सहादूला म्हटलं, संध्याकाळच्या गाडीनं तालुक्याला नेऊन दे. आत काय लिहिलंय ते त्याला सांगितलं नाही. मग डबा खाल्ला आणि आडवा झालो.

जाग आली ती घंटेनं. बाहेर सहादूचा गळा, "ऐका हो ऐका! मुंबईच्या विधानसभेनं आपल्या गावाला सवाल केलाय! गावात प्यायला पानी न्हाई, ह्ये खरं हाय का? मंत्री हुबं ऱ्हाऊन जवाब देनार हायेत! ज्याला जवाब द्यायचा त्यानं चावडीवर यावं हो ऽऽ!"

मी सदरा उलटाच घालून बाहेर आलो. चावडीपुढं पन्नासएक बाया, प्रत्येकीच्या कमरेला रिकामा हंडा. पुरुष मागं उभे. सगळी माझ्याकडं बघतायत.

"अरे गाढवा!" मी ओरडलो. "सरकारी कागद दवंडीला असतो का? तुझी नोकरी जाईल! माझीही जाईल!"

सहादू गोंधळून गेला. सरकारचा जो कागद गावासाठी येतो त्याची दवंडी द्यायची, एवढंच त्याला माहीत होतं. लिलाव असो, देवीची लस असो. आणि हा तर गावाचं नाव घेऊन आलेला. तो हळू म्हणाला, "भाऊसाहेब, सवाल गावाला हुता. गावाला इचारल्याबिगर जवाब कसा जाईल?"

त्याचं बरोबर होतं, म्हणून मी आणखी चिडलो. माणूस असाच चिडतो. "पाणी नाही म्हणता? पाणी नाही? मग हा माठ कसा भरतो रोज? आकाशातून?"

बाया सहादूकडं बघायला लागल्या आणि सहादू जमिनीकडं. मग आक्काबाई नावाची म्हातारी पुढं आली. गावात तिच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नव्हती. ती म्हणाली, "त्यो माठ कुठनं भरतो त्ये न्हाई ना पाह्यलं तुमी? चला. लई लांब न्हाई. पाय झिजनार न्हाईत."

ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीवर गेलो. सहा महिने गावात होतो आणि तिथं पहिल्यांदा जात होतो. वाकून बघितलं. चार माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या खोल तळाला एक बाई बसलेली, दगडाच्या फटीशी वाटी लावून. वाटीभर झिरपलं की कळशीत ओतायची, की पुन्हा वाटी लावायची. ती कलाबाई, सहादूची बायको. सगळ्यांत हलकी म्हणून गावानं तिलाच खाली सोडायचं ठरवलेलं; तहानेपुढं विटाळ कुणाला आठवतो? सबंध गावाची भांडी ती तशी भरायची, आणि दिवसाकाठी तिच्या वाट्याला दोन कळश्या. त्यातली एक घरी. दुसरी कुठं जात होती, ते आता मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"वर घ्या गं," खालून आवाज आला. दोराला दोन बाया होत्या, मी तिसरा लागलो. का लागलो माहीत नाही, हात आपोआप गेले. अहो, त्या दोराला वजनच नव्हतं! शाळेतली पोर ओढावी तशी ती वर आली. गुडघे सोललेले, ओठ फुटलेले. मला बघून तिनं आधी डोक्यावरचा पदर नीट केला. मग ओशाळून म्हणाली, "भाऊसाहेब, आज झिरा आटलाय जरा. तुमच्या माठाला उशीर हुईल हां."

मी तिथंच रडलो. सरकार होतो, सगळ्या गावापुढं रडलो.

चावडीवर येऊन सहादूकडून पाकीट घेतलं, आत काय लिहिलं होतं ते त्याला वाचून दाखवलं आणि फाडून टाकलं. नवा कागद घेतला. '(१) होय, हे खरे आहे. (२) अद्याप कार्यवाही झालेली नाही. यापूर्वीचा अहवाल समक्ष पाहणी न करता दिला होता.' खाली सही केली. सहादू त्याच गाडीनं गेला. गाडीच्या टपावर बसला होता, आणि पाकीट छातीशी धरलं होतं.

चौथ्या दिवशी टँकर आला. तुम्ही म्हणाल, इतक्या लवकर? अहो, तीच तर गंमत आहे. मंत्र्याला उभं राहून 'कार्यवाही केली' असं सांगायचं असतं. मग ती आधी करावी लागते. बाया टँकरला हळद-कुंकू लावायला धावल्या. कलाबाई तेवढी ओट्यावर बसून होती. पहिल्यांदाच तिला दुपारी बसलेलं बघितलं.

मग नोटिसा आल्या. मला खोट्या अहवालाबद्दल, आणि सरकारी कागद फोडल्याबद्दल सहादूला कामावरून का काढू नये अशी. सहादू दोन दिवस जेवला नाही. मी उत्तरात लिहिलं, 'दवंडी माझ्या तोंडी हुकमावरून देण्यात आली.' आयुष्यात एवढं एक खोटं मी आनंदानं लिहिलं. त्याची नोकरी राहिली. माझी बदली झाली थेट भंडारदऱ्याच्या डोंगरात. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, का तर तिथं पाणी बख्खळ!

निघायच्या आदल्या दिवशी सूर्यभान गुरुजींनी आमदाराकडून आलेला छापील कागद आणून दिला. सभागृहातलं उत्तर. सहादू नेहमीसारखा खांबाला टेकून उभा, कलाबाई उंबऱ्याशी. त्याला म्हटलं, "ये, बस इथं." खुर्ची पुढं केली.

"नगं, भाऊसाहेब."

"बस म्हणतो ना! सवाल तू गावाला विचारलास. विचारणाऱ्यानं बसायचं असतं."

कलाबाईनं डोळ्यानं खुणावलं तेव्हा कुठं तो बसला, तेही टोकाला, खुर्ची मोडेल अशा बेतानं. मी समोर उभा राहिलो आणि वाचलं, "होय, हे खरे आहे. गावास टँकरने पाणीपुरवठा सुरू करण्यात आला आहे."

सहादूनं मान हलवली. कागद हातात घेतला, बोटानं 'टाकळवाडी' हे नाव शोधलं, कलाबाईला दाखवलं. वाटलं, झालं. पण तो उठेना.

"भाऊसाहेब, त्यो उपप्रश्न म्हनला हुता तुमी. त्यो इचारता येतो का?"

"विचार की."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तुमी आदी 'खरं न्हाई' असं लिवलं हुतं. का वो?"

मला बसायची फार इच्छा झाली. पण नियम मीच सांगितला होता. मी उभ्यानंच म्हटलं, "आळस, सहादू. विहिरीपर्यंत चालत जायचा आळस केला. आणि माठ कुणी भरला, ते विचारायचं सुचलं नाही."

त्यानं कागदाची घडी घालून कलाबाईकडं दिली. मग खुर्चीवरून उठला, धोतराच्या सोग्यानं ती पुसली आणि माझ्याकडं सरकवली.

"बसा आता, भाऊसाहेब," तो म्हणाला. "जवाब झाला."