मॅडमना नकार हवा होता

अख्ख्या पुण्यात 'नाही' हा शब्द ऐकून जिचा चेहरा खुलतो अशी एकच व्यक्ती होती, आणि ती नेमकी माझ्या पीएचडीची गाईड होती. नकारांच्या बाबतीत आमच्या शहराचा हात कोणी धरणार नाही. दुकानदार मान वर न करता 'नाही' म्हणतो, रिक्षावाला तर कुठे जायचंय हे ऐकायच्या आधीच म्हणतो. बाकीचे लोक यावर चिडतात. मॅडम मात्र एकदा नारायण पेठेत ओळीने तीन रिक्षावाल्यांनी झिडकारल्यावर लखलखत्या चेहऱ्याने माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "पाहिलंस? कारण सांगितलं नाही, नजर चुकवली नाही, पुढे आपलं काय होईल ही भीती नाही. होकार घ्यावा तर अशा माणसाचा." तोवर चौथी रिक्षाही निघून गेली आणि भर उन्हात आम्ही कॉलेजपर्यंत चालत गेलो.

समोरच्याच्या मर्जीचा त्यांना ध्यासच होता. भाजीवालीची मेथीची जुडी उचलण्याआधी त्या "हात लावू ना?" असं विचारायच्या आणि तिने हो म्हटल्यावर "अगदी मनापासून?" असं पुन्हा विचारायच्या. ती बिचारी शेवटी जुडी पिशवीत कोंबून मोकळी व्हायची. भाचीचं सहा महिन्यांचं बाळ बघायला गेल्या, तर "मी तुला घेऊ का रे?" असं विचारून त्याच्या उत्तराची वाट बघत उभ्या राहिल्या. बाळ हुंकार देईना, भाचीचे हात भरून आले, पण मॅडम काही ढळल्या नाहीत. मला या साऱ्याची गंमत वाटायची. ती माझ्यावर शेकेपर्यंत.

माझ्या प्रबंधाचा विषय होता, तुरुंगातल्या बायकांना घरातलं नेमकं काय आठवतं. परवानगीची पत्रं या टेबलावरून त्या टेबलावर फिरण्यातच दीड वर्ष गेलं होतं आणि मुलाखतींची मुदत मार्चअखेर संपत होती. तोवर त्या झाल्या नाहीत तर सगळं पाण्यात. अशात एकदाची परवानगी मिळाली आणि पहिल्याच दिवशी चाळीसपैकी चाळीस बायकांनी संमतीपत्रावर सह्या-अंगठे दिले. मी अक्षरशः धावत ते कागद मॅडमकडे नेले. त्यांनी ते चाळले आणि शांतपणे परत दिले. "अगं, ही संमती नाही, हजेरी आहे. जिथे उठण्याची, जेवणाची, झोपण्याची वेळ दुसरा ठरवतो, तिथे नाही कोण म्हणणार? एक तरी नकार आण, मग होकारांचं बघू."

नकार आणायचा कुठून? मॅडम स्वतः माझ्याबरोबर येऊ लागल्या. मी बायकांसाठी चिवडा नेला होता, तो आमिष ठरवून त्यांनी दारातूनच परत पाठवला. मुलाखतीच्या खोलीतला पंखा बरॅकीतल्यापेक्षा जोरात फिरतो हे लक्षात आल्यावर पंखाही आमिष ठरला आणि आम्ही सगळ्या घाम पुसत बसू लागलो. पहारेकरीण बाईंना त्यांनी गोड बोलून ऐकू जाणार नाही इतक्या लांब व्हरांड्यात बसवलं. सही केल्याने शिक्षा कमी होत नाही आणि न केल्याने वाढत नाही, हे त्यांनी दहा वेळा समजावलं. बायका दहाही वेळा "हो मॅडम" म्हणाल्या.

मग मॅडमनी हुकमी अस्त्र काढलं. "मी गाणं म्हणू का?" त्यांनी विचारलं. मॅडमचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला या प्रश्नातला धोका कळायचा नाही. घरी त्या गुणगुणायला लागल्या की त्यांचे यजमान दूध आणायला बाहेर पडत, मग घरात दूध असो वा नसो. "इतकं भयंकर गाणं नाकारायची मोकळीक वाटली की मुलाखतही नाकारता येईल," असा त्यांचा हिशेब होता. बायका म्हणाल्या, "म्हणा ना मॅडम." मॅडम गायल्या. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गायल्या. तिसऱ्या आठवड्यात सगळी कडवी गायल्या. कोणी हूं की चूं केलं नाही. फेब्रुवारी संपत आला होता आणि मी कोपऱ्यात बसून हसऱ्या चेहऱ्याने ताल धरत होते.

चौथ्या आठवड्यात त्यांनी तोंड उघडलं आणि मागून आवाज आला, "नगं बाई. लई झालं." बोलणारी त्या बरॅकीतली सगळ्यांत म्हातारी बाई होती, तिला सगळ्या मावशी म्हणत. सगळ्यांची नजर व्हरांड्याकडे. काहीच झालं नाही. मॅडम मात्र आनंदाने थरथरत होत्या. "मावशी, परत म्हणा बरं?" मावशी म्हणाल्या, "नगं म्हनलं ना. आन् ह्या पोरीला बी नगं हाय. पर तिच्या कागदावरची सही तुमच्या हातात हाय, म्हनून गप बसलीया."

मग मात्र बांधच फुटला. कोणी हसलं, कोणी म्हणालं मलाही नको होतं. त्या दिवशी अकरा जणींनी मुलाखतीला नाही म्हटलं, आणि मॅडमनी प्रत्येकीचा नकार अकरा लेकींची लग्नं ठरल्यासारखा साजरा केला. उरलेल्या एकोणतीस जणी बोलल्या, आणि काय बोलल्या. कोणाला चुलीवरच्या भाकरीचा वास आठवत होता, कोणाला दाराची न लागणारी कडी. मार्च संपायला चार दिवस असताना शेवटची मुलाखत झाली आणि पुढे प्रबंधही सादर झाला. मावशींनी मुलाखत दिली नाही. त्यांना काय आठवत होतं, हे मला आजही माहीत नाही.

त्या नकाराच्या दिवशी फाटकाबाहेर आल्यावर मॅडमनी एकाही रिक्षावाल्याला विचारलं नाही. हे नवीनच होतं. मग म्हणाल्या, "तुलाही नको होतं?" मी म्हटलं, "हो मॅडम." त्यांनी मान हलवली. "तीन वर्षांत तुला एकदाही विचारलं नाही मी. बाळाला विचारलं, तुला नाही." मला फार वाईट वाटलं, पण खोटं बोलायची सोय त्यांनीच ठेवली नव्हती.

त्यानंतर वीस वर्षं आमचं येणंजाणं होतं, पण माझ्यासमोर त्या पुन्हा कधी गायल्या नाहीत. मी स्वयंपाकघरात शिरले की आतली गुणगुण थांबायची आणि त्या हसून चहाचं आधण ठेवायच्या. गेल्या श्रावणात मॅडम गेल्या. दिलेला होकार कधीही मागे घेता येतो, हे मी त्यांच्याकडून शिकले आणि पुढे माझ्या मुलांना शिकवलं. नकार कसा मागे घ्यायचा, ते विचारायचं मात्र राहून गेलं.