चोरीची फांदी

कुवेतमधल्या अहमदीच्या त्या बागेत जायचं ठरलं, तेव्हा नवऱ्याची पहिली सूचना होती, "आईंना पर्स घरी ठेवायला सांग."

माझी आई झाडांची चोर आहे. याला दुसरा सभ्य शब्द नाही. नाशिकला कुणाच्या बारशाला गेली, नाहीतर दवाखान्यात कुणाला बघायला गेली, तरी येताना पर्समध्ये ओल्या रुमालात गुंडाळलेली एखादी फांदी असायचीच. मागून आणलेलं रोप रुसतं आणि चोरून आणलेलं जोमानं वाढतं, असं तिचं ठाम मत. अशा वेळी वडील चार पावलं पुढे चालत, जणू या बाईशी आपली ओळखच नाही. मागे एकदा कुवेतला आली, तेव्हा तिने रुमैथियातल्या आमच्या घरमालकाच्या दारातली जाईसुद्धा सोडली नाही, आणि तो बिचारा समोरच उभा होता.

गणपतीच्या आधी वडील गेले. दिवाळीनंतर शेजारच्या काकूंचा फोन आला. "तुझ्या आईच्या गॅलरीकडे बघवत नाही गं. सगळ्या कुंड्या वाळल्यात. मी पाणी घालते म्हटलं, तर म्हणाली, राहू दे." त्या 'राहू दे'ने माझी झोप उडाली. मी तिला इकडे घेऊन आले.

इथे ती अगदी गुणी मुलीसारखी वागायला लागली. आमटी कशी झालीय? चालेल. चहा गार झालाय, दुसरा करू? नको, चालेल. जन्मभर माझ्या प्रत्येक आमटीत हिने मीठ कमी म्हणून खोट काढली होती. रात्री मी दाराशी उभी राहून तिचा श्वास चालू आहे ना ते बघायची. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सगळं उत्तम आहे म्हणाले, त्याने तर मी आणखी घाबरले. जगायचंच नाही असं एखाद्याने मनात ठरवलं, तर ते कुठल्या रक्ततपासणीत दिसणार? मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते माझ्यासारख्यांसाठीच.

म्हणून मी बागेचा हट्ट धरला. अहमदी हे तेल कंपनीने वसवलेलं गाव, आणि तो बंगला तिथल्या सुरुवातीच्या एका मोठ्या साहेबासाठी बांधलेला. फेब्रुवारीत, उन्हाळा अंगावर यायच्या आत, बाग कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना बघायला उघडतात. नवऱ्याचं त्याच कंपनीतलं काँट्रॅक्ट नेमकं तेव्हाच नूतनीकरणाला आलेलं. "एका फांदीवरून कुणाची नोकरी जाते का?" मी म्हटलं. "इथे कशावरून काय जाईल, सांगता येत नाही," तो म्हणाला. पर्स मात्र आईने आणलीच.

बाग सुरेख होती. कातरलेलं कुंपण, पेटुनियांचे ताटवे, व्हरांड्यापर्यंत हिरवळ, आणि जुने, बुंध्याशी मनगटाएवढे झालेले गुलाब. फुलं तोडू नका, अशी पाटी अरबीत आणि इंग्रजीत. मी आईच्या मागे मागे चालत तिच्या हातांवर नजर ठेवून होते. हात हलले नाहीत. गुलाबांवरून ती बंद दुकानांवरून जावं तशी निघून गेली आणि बाकावर जाऊन बसली. पर्स मांडीवर होती, चेन बंद.

"आई, गुलाब बघितलेस?"

"हो. छान आहेत."

बस, एवढंच. नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "आई शहाण्या झाल्या गं." त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. चोरी करेल म्हणून धास्तावलेली मी, आता ती करत नाही म्हणून रडकुंडीला आले होते.

मग मीच उठले. साधा पोलीस दिसला तरी मी सरळ चालायला लागते, पण त्या दिवशी जवळचा एक शेंडा कळीसकट तोडला आणि नेऊन आईच्या मांडीवर ठेवला. वाटेच्या टोकाला सिक्युरिटीचा माणूस उभा होता.

आईने शेंड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"हे काय केलंस?"

"तुझ्यासाठी आणलं."

"शेंडा? तोही कळीसकट? माझ्या पोटची ना तू? हा जगेल का कधी?" तिचा आवाज चढला. कितीतरी दिवसांनी चढला. "पेन्सिलीएवढी जून फांदी घ्यावी, पानाच्या डोळ्याच्या जरा खाली. सरक."

ती उठली. काट्यांना न जुमानता तिने दोन अंगठ्यांनी फांदी कट्कन मोडली. आवाज चांगला मोठा झाला. सिक्युरिटीवाला आमच्याकडे यायला लागला. माझा नवरा, माझ्या वडिलांसारखाच, ओळख नसल्यागत पुढे चालू लागला.

"माताजी, कुछ चाहिए?"

"पानी किधर है, बेटा?" आईने विचारलं. फांदी पर्समध्ये गेली होती. त्याने नळ दाखवला. आईने रुमाल ओला करून घेतला.

परतताना हायवेच्या दोन्ही बाजूंना नेहमीचं वाळवंट. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "आजच लावायला हवी. आधी वाळूत लावते, मुळं फुटली की कुंडीत. वाळू कुठे मिळते गं इथे?"

नवऱ्याने गाडी बाजूला घेतली, उतरला आणि जेवणाच्या डब्याचं झाकण भरून वाळू आणून तिच्यापुढे धरली. आईने चिमूटभर घेऊन बोटांत चोळली.

"छे, पीठ आहे नुसतं. ही नाही चालायची," ती म्हणाली. "दुसरी बघा."