आलमारीतलं नेट

आमच्या घरात सगळ्यात जोरदार नेट सोफ्याला मिळत होतं. सोफ्यालाच म्हणते, कारण त्याच्यावर बसत कोणी नव्हतं. दुकानातून आला त्या दिवशीचं प्लास्टिक अजून त्याच्या अंगावर होतं. त्याच्या वर भिंतीला राउटर टांगलेला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, शेजारच्या दिवाणावर मांडी घालून मोबाईलवरून गुलाबाची फुलं अन् सुविचार पाठवायचे, अन् ते डोळ्याचं पातं लवायच्या आत साऱ्या नातेवाइकांत पोचायचे. त्याच वेळी मी मागच्या खोलीत अकरावी-बारावीच्या पोरांना अकाउंट्स शिकवत असायची, अन् पोरांच्या स्क्रीनवर माझं तोंड उघडंच्या उघडं अडकून पडायचं.

"मॅडम, तुम्ही पुन्हा फोटो झाल्या," असं पोरं लिहायची.

वर्ध्यातलं आमचं घर रुंदीला बेताचं अन् लांबीला भरपूर. रस्त्याकडून छपरी, मग बैठक, मग मधली खोली, मग स्वयंपाकघर, अन् सगळ्यात शेवटी माझी जागा. तिथं एका बाजूला तुरीच्या डाळीची कोठी, दुसऱ्या बाजूला चादर पांघरून ठेवलेला कूलर, अन् मध्ये माझं टेबल. नेट बैठकीतून निघायचं अन् स्वयंपाकघरापर्यंत येता येता त्याचा जीव जायचा.

मी कोण ते सांगून टाकते. माझं माहेर गिरडकडचं, समुद्रपूर तालुक्यातलं. आठवडाभर वर्ध्याला मुलींच्या होस्टेलात राहायची, शनिवारी एसटीने घरी, रविवारी वावरात कापूस वेचायला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.कॉम. झाले, मग एम.कॉम. झाले. असलं सांगताना लोक म्हणतात, मिरवायला सांगत नाही. मी मिरवायलाच सांगते. लग्नानंतर नागपूरच्या एका क्लासने ऑनलाइन तासांसाठी घेतलं, तेव्हा सासरी सगळ्यांना बरं वाटलं. सून कमावते, अन् घराबाहेरही पडत नाही. याहून सोयीची सून कुठं मिळते?

तास तुटायला लागले तेव्हा मी सासूबाईंना साधी गोष्ट विचारली.

"आई, तासापुरतं टेबल बैठकीत आणू का?"

"बैठकीत? अन् मामाजी कुठं बसतीन?"

"बसतात तिथंच. दिवाणावर."

"म्हणजे तू खुर्चीवर अन् ते तुयासमोर? अन् त्याईच्या डेपोतले लोक आले म्हणजे? सुनेनं बुढ्याले खाली बसोलं म्हणतीन न!"

हे पक्कं समजून घ्या. आमच्या घरात सून सासऱ्याशी थेट बोलत नाही. मामाजी हाताच्या अंतरावर बसलेले असले तरी मी म्हणायचं, "आई, मामाजींना विचारा, चहा आणू का." मग आई म्हणणार, "चहा पाह्यजे काय म्हणते." मामाजी आईंना सांगणार, "आण म्हणा." अन् आई मला सांगणार, "आण." तिघंही एकाच खोलीत, तिघांचेही कान शाबूत. अशा घरात मी खुर्ची टाकून सासऱ्यासमोर बसणार म्हणजे आभाळच फाटणार होतं.

नवऱ्याला सांगून पाहिलं. तो सरकारी ऑफिसात आहे, स्वभावाने गरीब आहे. घरात तोंड उघडायची वेळ आली की त्याला नेमकी गाडी पुसायची असते.

उपाय काढला तो जवायानं. माझ्या नणंदेचा नवरा नागपूरला कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटर बघतो. नुसतं बघतच असावा. पण आमच्याकडे जवायाचा शब्द म्हणजे शब्द. त्याने पाटवडीचा रस्सा जरा खारट म्हटला तर आई दुसरा टाकतात.

"वहिनी, एका राउटरचा जमाना गेला आता," तो ढेकर देऊन म्हणाला. "मेश लावा. अख्खं घर कव्हर. तुम्ही कोठीत जरी बसल्या न, तरी फुल रेंज."

मला पुढं बसवा, असं कोणाच्या जिभेवर आलं नाही. नेटला मागं न्यायला मात्र सारं घर एका पायावर तयार झालं.

डब्या आल्या. पांढऱ्या, गुळगुळीत, तीन. आईंनी त्यांना हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. जवायानं एक बैठकीत राउटरला जोडली, एक मधल्या खोलीत लोखंडी आलमारीच्या डोक्यावर ठेवली, एक माझ्या टेबलावर. स्लॅब टाकताना माणसं रांगेत उभी राहतात अन् सिमेंटचं घमेलं एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातं, तसंच हे. पहिली डबी मधलीला देते, मधली मागचीला. मधल्या माणसानं हात आखडले की मागचा रिकाम्या हातानं उभा. एवढं सोपं आहे. जवायानं हे समजावून सांगायला तासभर घेतला अन् त्यात इंग्रजी शब्दच जास्त होते.

पण नेट आलं, हे खोटं कशाला बोलू. त्या संध्याकाळी माझा तास एकदाही तुटला नाही. "मॅडम, आज तुम्ही हलून राहिल्या," एका पोरीनं लिहिलं. मी खूष झाले.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावरच्या डबीचा दिवा निळ्याचा लाल झाला. मी मधल्या खोलीत आले. आलमारीचं डोकं मोकळं. भिंतीवरच्या प्लगमधून निघालेली वायर खाली लोंबत आलेली अन् आलमारीच्या दाराच्या फटीतून आत गेलेली. दाराला कुलूप.

मामाजींची सगळी नोकरी पुलगावच्या लष्करी डेपोत, स्टोअरला गेली. उघड्यावर ठेवलेली वस्तू म्हणजे गेलेली वस्तू, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. घरात चांगली बॅटरी आलमारीत, नवा टॉवेल आलमारीत, पाहुण्यांच्या कपबशा आलमारीत. चावी करदोड्याला. ती महागाची डबी कामवाल्या बाईच्या नजरेसमोर चमकत राहावी हे त्यांना सोसणारच नव्हतं. वरची त्यांनी आत ठेवली, अन् वायरीला फट ठेवली म्हणजे आपण फार हुशारी केली असं त्यांना वाटलं. लोखंडाच्या आत, कुलपात, हळद-कुंकू लावलेली डबी दिवा लुकलुकवत बसली होती. नेट पाठवत होती कोणाला? पाहुण्यांच्या कपबशांना.

"आई, डबी आत ठेवली तर नेट बाहेर कसं येईल?"

"मले काय समजत नाई काय? रेडिओ बी पेटीत बंद केला तर खरखर करते." त्यांनी आवाज खाली आणला. "पण आता त्याईले सांगन कोण? जवायालेच लाव फोन."

जवायाला फोन लावला. सगळ्यांनी ऐकावं म्हणून आवाज मोठा केला, बैठकीत मधोमध धरला.

"मामाजी, मधली डबी जागेवरच आहे न?"

"जागेवरच हाये," मामाजी म्हणाले. "एकदम सेफ."

"मग तुमच्या भिंती. जुनं बांधकाम, जाड भिंती. नाहीतर वहिनींचा लॅपटॉप जुना आहे, तो पकडत नसेल."

मी नेम मोडला. फोनकडे तोंड करून म्हटलं, "भाऊजी, डबी आलमारीत आहे. लोखंडी आलमारीत, कुलूप लावून."

जवाई तिकडे खाकरला. त्याला समजलं होतं, याची मला शंका नाही. शाळकरी पोरालाही समजलं असतं. पण जवायाला सासऱ्याची चूक काढायची नसते, त्याच्या पाटवडीचा प्रश्न असतो.

"अं... आलमारीत असली तरी तसा फार फरक नाही पडत," तो म्हणाला. "मामाजींनी ठेवली म्हणजे विचार करूनच ठेवली असणार."

"ऐकलं?" मामाजी आईंना म्हणाले. "जवाई काय म्हणून राह्यले ते ऐकलं काय? तिले म्हणा, लॅपटॉप पाह्य आपला."

आईंनी माझ्याकडे वळून सांगितलं, "लॅपटॉप पाह्य आपला." ही आमची घरची मेश. हिच्यात कधी काही तुटत नाही.

त्याच आठवड्यात नागपूरच्या क्लासच्या मोठ्या मॅडमचा फोन आला. "तुमचं शिकवणं चांगलं आहे हो, पण पोरांचे पालक फोन करतात. शुक्रवारच्या तासाला मी स्वतः बसते. नीट झाला तर बारावीची नवी बॅच तुमची. पुन्हा तुटला तर मला दुसरी बाई बघावी लागेल, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

वाईट वाटायचा प्रश्न नव्हता. ती बॅच गेली असती तर मी त्या घरात फक्त कोठीशेजारची सून उरले असते. रविवारी कापूस वेचून सोमवारी कॉलेजात पहिल्या बाकावर बसलेली पोरगी यासाठी एम.कॉम. झाली नव्हती.

नवरा म्हणाला, "शुक्रवारी बाबांकडून चावी घेतो मी. तू चिंता नको करू."

शुक्रवारी मामाजी जुन्या डेपोवाल्याच्या पोरीच्या लग्नाला पुलगावला गेले. चावी करदोड्याला, करदोडा मामाजींच्या कमरेला, अन् कमर पुलगावला. नवरा ऑफिसातून लवकर येऊन अंगणात गाडी पुसत होता.

"घेतली का चावी?"

"अगं, सकाळी घाईत होते ते... विचारणार होतो मी."

मी त्याच्याशी आणखी बोलले नाही. मागं गेले, टेबल दोन्ही हातांनी धरलं अन् ओढायला लागले. फरशीवर असा आवाज झाला की आई पीठ मळता मळता उठून आल्या.

"काय करून राह्यली व?"

"टेबल नेऊन राह्यली."

"कुठं?"

"जिथं नेट हाये तिथं."

त्या दारात उभ्या राहिल्या. अडवलं नाही, हेही सांगते. पिठाच्या हातानं पडदा तेवढा बाजूला धरला.

टेबल राउटरखाली लावलं, प्लास्टिकच्या सोफ्यासमोर. खुर्ची टाकली. मोठ्या मॅडम आल्या, पोरं आली. तास घसाऱ्याचा होता. वस्तू वापरली की तिची किंमत दर वर्षी उतरत जाते, ती वहीत कशी उतरवायची, ते. सगळं सुरळीत चालू असताना छपरीत चपला वाजल्या. लग्नाचं जेवण लवकर आटोपून मामाजी परत आले होते, अन् एकटे नाही. सोबत डेपोतले दोन जोडीदार.

मी तेव्हा पोरांना सांगत होते, "समजा, एका दुकानात लोखंडी आलमारी आहे. मालक म्हणतो, आलमारी जशीच्या तशी आहे, मग किंमत कमी कशी? मालकाच्या म्हणण्यानं किंमत टिकत नसते. वहीत उतरवावीच लागते."

शपथेवर सांगते, उदाहरण आधीपासून तेच ठरलं होतं. धड्यात असंच काहीतरी असतं.

मामाजी उंबऱ्यात थांबले. त्यांच्या दिवाणाकडे जायचा रस्ता माझ्या खुर्चीमागून होता. आई स्वयंपाकघराच्या दारात, हात पिठाचे, तोंड पांढरं. मी माईक बंद केला अन् लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून बोलले.

"मामाजी, तास सुरू आहे. थोडा वेळ छपरीत बसा."

अन् माईक चालू केला. पोरांना म्हटलं, पहिल्या वर्षाचा घसारा काढा.

छपरीतल्या गोष्टी खिडकीतून आत येत होत्या.

"सून हाये काय तुई?"

"मंग कोण राह्यन?"

"काय शिकवून राह्यली?"

"हिसाब. मोठ्या पोराईले."

"अन् तुले बाहेर बसोलं?" दोघंही हसले.

मामाजींचा आवाज आला, "बसोलं कायचं? मीच सांगतलं तिले, बैठकीत घे म्हणून. मांगं नेट नाई येत. अन् हळू बोल बे, आवाज जाते आत."

मी पोरांना आकडेमोड देत होते, अन् मला हसू दाबायला ओठ चावावा लागला. माणसाला एवढ्या चटकन पलटी मारता येते हे मला ठाऊक नव्हतं. बुढ्याची अब्रू जात होती, तर त्यानं जागच्या जागी दुसरी करून घेतली.

तास तुटला नाही. मोठ्या मॅडम शेवटी एवढंच म्हणाल्या, "सोमवारपासून नवी बॅच तुमची." मी लॅपटॉप मिटला, पण टेबल मागं नेलं नाही. कोणी ने म्हटलंही नाही. सगळे वाट बघत होते की दुसरं कोणीतरी म्हणेल.

जेवताना मामाजी आईंना म्हणाले, "तिले विचार, उद्या तास किती वाजता हाये. मी तवा छपरीत बसतो."

आई माझ्याकडे वळल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "पाच वाजता, मामाजी."

त्यांनी ताटातून डोकं वर काढलं नाही. "हं," म्हणाले. मलाच म्हणाले.

तेव्हापासून माझं टेबल बैठकीत आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला मामाजी सांगतात की सुनेला त्यांनीच पुढं बसवलं, आजकाल शिक्षणाची कदर कोणाला आहे. सांगू द्या. मधली डबी अजून आलमारीत आहे, कुलपात, दिवा लुकलुकवत. बाहेर काढ म्हणायला मी गेले नाही, अन् मला आता गरजही नाही.

परवा जवाई आला होता. रस्सा ओरपून झाल्यावर मोबाईल हातात घेऊन घरभर हिंडला, मागच्या खोलीत कोठीजवळ थांबला, मोबाईल वर धरला, खाली धरला.

"वहिनी, इथं जरा वीक आहे हो. अजून एक डबी लावून टाकू?"

"लावा न भाऊजी," मी म्हटलं. "आलमारीत जागा हाये."