सिमेंटच्या हत्तीचं पाणी

"मॅडम, स्वयंपाकी मी काढलाय. तुम्ही फक्त तेवढं लिहून द्या," मॅनेजर म्हणाला.

मी अजून बॅगेतून पहिली बाटलीही काढली नव्हती.

प्रकरण असं होतं. आदल्या शनिवारी एका सॉफ्टवेअर कंपनीची माणसं बायकामुलांसह या रिसॉर्टला येऊन गेली होती. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. हैदराबादमध्ये अशा कंपन्या भराभर उघडत होत्या. पुण्या-मुंबईची तरुण जोडपी नोकरीला येत होती, आणि सुट्टीच्या दिवशी मुलांना न्यायचं कुठे हा त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न होता. त्याला उत्तर म्हणून विकाराबादच्या रस्त्याला जुन्या आमराया विकत घेऊन लोकांनी कॉटेजेस बांधली. तळं खणलं, बदकं सोडली, ससे आणले, दोन तट्टू आणि शहामृगासारखा एक इमू आणला, आणि फाटकावर 'नेचर रिसॉर्ट' अशी पाटी लावली.

रविवारी संध्याकाळपासून मुलांना उलट्या-जुलाब सुरू झाले. एकोणीस मुलं. सगळी आठ वर्षांच्या आतली. दोघांना सलाईन लावावं लागलं. मोठ्या माणसांपैकी फक्त एका गृहस्थांचं पोट बिघडलं होतं. येत्या शनिवारी दुसऱ्या कंपनीचा ग्रुप यायचा होता, त्यातही चाळीसेक मुलं होती. त्याआधी कारण सापडायला हवं होतं. म्हणून मंगळवारी मॅनेजर श्रीनिवास कोठी भागातल्या आमच्या लॅबमध्ये आला आणि बुधवारी मी तिथे पोहोचले.

मी मायक्रोबायोलॉजिस्ट. म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जंतू शोधणारी. शिक्षण औरंगाबादला, माहेर नांदेडचं, लग्नानंतर घर हैदराबादच्या दिलसुखनगरला. लॅबमध्ये काम बहुतेक पाण्याचं आणि अन्नाचं. ते दिवस माझे फार थकव्याचे होते. लॅबमध्ये दोन माणसं कमी होती आणि फील्डवर जायला मीच उरले होते. त्यात दसऱ्याची सुट्टी लागलेली. मुलीला सांभाळणाऱ्या शेजारच्या अम्मा गावी गेल्या होत्या आणि माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, त्या दिवशी रजा मिळाली नव्हती. म्हणून माझी सहा वर्षांची मुलगी मैत्री माझ्यासोबत आली होती. रंगांची पेटी, चित्रांची वही आणि पोळीचा डबा देऊन तिला ऑफिसच्या व्हरांड्यात बसवलं.

"इथून हलायचं नाही."

"मेरेकू बोर होतंय."

"आत्ताच आलो आपण."

"आत्तापासूनच होतंय."

मी कामाला लागले. शनिवारचं अन्न अर्थातच उरलेलं नव्हतं. अशा वेळी स्वयंपाकघराची झडती घ्यावी लागते. भाजी चिरायचा पाट, सुऱ्या, फ्रीजचं हँडल, यांच्यावरून निर्जंतुक कापसाची काडी फिरवायची आणि ती काडी नळीत बंद करायची. त्याला आम्ही स्वॅब म्हणतो.

मागच्या दाराशी कांद्याच्या पोत्यावर एक पन्नाशीचा माणूस बसला होता. हेच काढलेले स्वयंपाकी, खाजाभाई. काढलं होतं तरी ते घरी गेले नव्हते. मी आत येताच उठून उभे राहिले आणि न सांगता दोन्ही हात पुढे केले.

"हाथां का भी लेव मॅडम. बीस साल से पकारौं, एक बच्चे का पेट नै दुखा."

मी त्यांच्या हातांचे स्वॅब घेतले. नखं बारीक कापलेली होती. पाट उन्हात उभा करून वाळवलेला. तीस वर्षांच्या नोकरीत मी जितकी हॉटेलची स्वयंपाकघरं पाहिली, त्यांतल्या फार थोड्या ठिकाणी पाट उन्हात दिसला.

एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. जेवण सगळ्यांनी तेच खाल्लं होतं. मग मुलंच का? मॅनेजरला विचारलं.

"मुलांची पोटं नाजूक असतात, मॅडम."

"एकोणीसच्या एकोणीस मुलांची? आणि आईबापांपैकी एकाचंच?"

"तुम्ही सायंटिस्ट आहात. तुम्हीच सांगा," म्हणत तो फोन घ्यायला गेला.

मग पाणी. नळाच्या तोंडाशी स्पिरिटचा बोळा पेटवून नळ आधी निर्जंतुक करायचा, पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं, आणि मग बाटली भरायची. बोअरवेल, जेवणघरातला फिल्टर, कॉटेजेसचे नळ झाले. पोहण्याच्या तलावात क्लोरीन आहे का पाहिलं. पाण्यात औषधाचे थेंब टाकले की ते पिवळं होतं, म्हणजे क्लोरीन आहे. छान पिवळं झालं. राहिली वरची टाकी. लोखंडी शिडीने मी गच्चीवर चढले. ऊन टळटळीत होतं, गुडघे बोलत होते. टाकीचं झाकण उघडून बाटली आत सोडली, वर काढली, बूच लावलं आणि सहज खाली पाहिलं.

व्हरांडा रिकामा होता.

तळं कुठे, इमू कुठे, फाटक कुठे, सगळीकडे नजर फिरली. मग ती दिसली. तळ्याच्या काठाला मुलांसाठी सिमेंटचा एक हत्ती केला होता, निळ्या रंगाचा, जेमतेम चार फुटांचा. त्याच्या सोंडेतून पाण्याची धार पडत होती. मैत्री त्या धारेखाली उभी होती. डोळे मिटलेले, मान वर, तोंड उघडं. तिच्यामागे राहायला आलेल्या कुणा पाहुण्यांची दोन पोरं आपल्या पाळीची वाट बघत उभी होती.

मी किती जोरात ओरडले ते आठवत नाही. शिडीवरून उतरताना गुडघा खरचटला, तेही नंतर कळलं.

"प्यायलीस?"

"प्यास लागली होती."

"किती प्यायलीस?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे किती, मैत्री?"

तिने विचार केला. "पोट भरून थोडंसं."

माळीकाम करणारे एक म्हातारे तिथेच बसले होते. त्यांना विचारलं, हे पाणी येतं कुठून? त्यांनी बोट आधी तळ्याकडे केलं, मग हत्तीकडे, मग पुन्हा तळ्याकडे. तळ्यातलंच पाणी पंपाने सोंडेत चढत होतं आणि सोंडेतून परत तळ्यात पडत होतं. तळ्यात बदकं होती. पलीकडे उतारावर तट्टांचा तबेला होता आणि तो धुतलेलं पाणी चरातून तळ्यालाच मिळत होतं.

मोठं माणूस त्या सोंडेखाली उभं राहूच शकलं नसतं. धार त्याच्या कमरेवर पडली असती. म्हणूनच ती जागा माझ्या यादीत नव्हती. मोठी माणसं पाणी पितात त्या सगळ्या जागा मी सकाळपासून तपासत होते. आजारी मुलं पडली होती.

जास्तीची एक बाटली मी नेहमी ठेवते. ती सोंडेखाली भरली आणि मॅनेजरला बोलावून पंप बंद करायला सांगितलं.

"मॅडम, मुलांना तोच तर आवडतो. सगळ्यांचे फोटो तिथेच निघतात."

"ते पाणी पितात मुलं."

"बोर्ड आहे ना!"

बोर्ड होता. 'पाणी पिण्यायोग्य नाही' असं इंग्रजीत लिहिलेला, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर.

"रिपोर्ट येऊ द्या, मग बघू," तो म्हणाला.

संध्याकाळी लॅबमध्ये परतून नमुने लावले. ही चाचणी सोपी असते. नळ्यांमध्ये जांभळ्या रंगाचं द्रव असतं, त्यात नमुन्याचं पाणी घालून नळ्या उबेत ठेवायच्या. पाण्यात आतड्यातले जंतू, म्हणजे विष्ठेतून आलेले, असतील तर ते वाढतात, द्रव पिवळं होतं आणि आत उलटी ठेवलेली छोटी नळी गॅसने भरते. पण त्याला चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात. तोवर काही करता येत नाही. वाट बघायची.

एरवी वाट बघण्याची मला सवय होती. या वेळी मात्र मी मैत्रीच्या कपाळाला सारखा हात लावत होते.

गुरुवारी मिलिंदने रजा टाकली. पहिलं रीडिंग पाच वाजता घ्यायचं होतं. साडेतीनला त्याचा फोन आला. "ओकतेय. तिसऱ्यांदा. तू ये."

नळ्या न बघताच मी निघाले. डॉक्टर जवळच होते. ते सलाईन नको म्हणाले, मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने द्या, लघवी होतेय का बघत राहा. मी चमचा धरून बसले. मिलिंद बादली धुऊन घेऊन आला. मग म्हणाला, "तू तिथे पाणीच तपासायला गेली होतीस ना?"

मी पुढचा चमचा भरला.

मैत्री मधेच डोळे उघडून म्हणाली, "आई, हत्तीचं पाणी गोड होतं."

शुक्रवारी सकाळी तिचं पाणी पोटात टिकायला लागलं. तिला मिलिंदकडे सोपवून मी लॅब गाठली. स्वयंपाकघर, बोअरवेल, फिल्टर, टाकी, सगळ्या नळ्या जांभळ्या. खाजाभाईंच्या हातांचे स्वॅब स्वच्छ. हत्तीच्या नळ्या एकूण एक पिवळ्या, आणि आतल्या छोट्या नळ्या गॅसने तरंगत होत्या.

तरी एक गाठ सुटत नव्हती. आजारी पडलेले ते एकटे गृहस्थ. कंपनीकडून नंबर घेऊन फोन केला. पुण्याचे निघाले. सोंडेचं नाव काढताच ओशाळले.

"मुलगा धारेला घाबरत होता हो. म्हणून मी खाली बसून पिऊन दाखवलं."

आता काही शिल्लक राहिलं नव्हतं. लॅबचे मालक राव सर आले. त्यांना सगळं सांगितलं. मॅनेजरचा त्यांनाही फोन येऊन गेला होता. 'अन्न हाताळण्यात निष्काळजीपणा' एवढी एक ओळ त्याला हवी होती.

"काय करू?" मी विचारलं.

"जे निघालंय ते लिही." सर चष्मा पुसत राहिले. "फक्त हत्ती असं लिहू नकोस. रिक्रिएशनल वॉटर फीचर लिही. रिपोर्ट आहे तो."

मी तसं लिहिलं. स्वयंपाकघर स्वच्छ असल्याचं वेगळ्या परिच्छेदात लिहिलं. मैत्रीचं नाव कुठेही घातलं नाही. आपल्या घरचं मूल नमुन्यात धरायचं नसतं.

दुपारी श्रीनिवासचा फोन आला. रिपोर्ट त्याच्या हातात होता. "मॅडम, उद्या ग्रुप आहे. सोमवारी पंप बंद केला तर चालेल का?"

मी दोन रात्री धड झोपले नव्हते. शब्द निवडायची ताकद नव्हती. "बुधवारी मी आणलेली मुलगी पाहिलीत ना? हत्तीचं पाणी पिऊन ती काल रात्रभर ओकत होती," मी म्हणाले.

पलीकडे त्याने रिसीव्हर बाजूला धरला. मग तो तेलुगूत कुणाला तरी ओरडला. पुन्हा फोनवर आला तेव्हा आवाज खाली आला होता. "पंप बंद केला मॅडम. बाळ कसंय?"

शनिवारचा ग्रुप येऊन गेला. कुणी आजारी पडलं नाही. मैत्री चौथ्या दिवशी उठून खेळायला लागली. मिलिंदला माझ्याशी नेहमीसारखं बोलायला त्याहून थोडे जास्त दिवस लागले.

पुढच्या आठवड्यात इस्त्रीचा शर्ट घालून खाजाभाई लॅबमध्ये आले. मॅनेजरने त्यांना परत बोलावलं होतं.

"मैं नक्को बोला मॅडम. बच्चों को बीमार करा बोलके सबके सामने निकाले मेरेकू." आता ते एका फंक्शन हॉलमध्ये काम मागत होते, पण तिथपर्यंत ही बातमी आधीच पोहोचली होती. "वो रिपोर्ट की एक कापी देव."

रिपोर्ट ज्याने काम दिलं त्याचा असतो. तिसऱ्या माणसाला देता येत नाही. मी हे त्यांना समजावून सांगत होते आणि सांगताना मलाच लाज वाटत होती. खाजाभाई मान हलवून जायला निघाले. राव सर शेजारच्या टेबलावर ऐकत होते. ते उठले, फाइल घेऊन झेरॉक्स मशीनपाशी गेले, आणि येऊन एक कागद खाजाभाईंच्या हातात दिला.

"मशीनमधून एक पान जास्तीचं निघालं," ते मला म्हणाले. "वाया कशाला घालवायचं?"

मी पुढे बरीच वर्षं त्या लॅबमध्ये होते. अशी रिसॉर्ट वाढत गेली, कामही वाढत गेलं. मुलांची जागा असेल तर पहिली फेरी मी गुडघ्यांवर बसत, तीन फुटांच्या उंचीवरून बघत मारायचे. मॅनेजर लोक हसायचे. नमुन्याच्या फॉर्मवर मी एक नवा रकाना घालून घेतला, 'जमिनीपासून उंची'. तो रकाना अजून आहे म्हणतात. बहुतेक जण रिकामाच ठेवतात.