लढाई संपल्यावर बोलू

पुतळाबाईशी वाद घालायचा तर पोटभर जेवून जावं, असं आमच्या लोधिवलीत म्हणतात. मी म्हणतो, जेवूनही उपयोग नाही. जुन्या हायवेला पत्र्याचे डबे बनवणारी एक कंपनी आहे आणि तिच्या गेटासमोर माझी वड्यांची टपरी. पुतळाबाई तिथे पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करते. केस पांढरे झाले, पण कागदावर ती अजून कंपनीची नाही, ठेकेदाराचीच कामगार.

गेल्या उन्हाळ्याच्या आदल्या उन्हाळ्यात तिच्या शेजारी काम करणाऱ्या रूपाची दोन बोटं मशीनखाली गेली. कंपनीचे साहेब म्हणाले, "ती ठेकेदाराची. आमची कामगार नाही." मशीन कंपनीचं, डबे कंपनीचे, बोटं तेवढी ठेकेदाराची! पुतळाबाईने त्याच पाळीला प्रेसच्या साऱ्या बाया बाहेर काढल्या आणि गेटासमोर बसवल्या. मागणी एकच होती. रूपा आमची कामगार आहे, एवढं कंपनीने तोंडाने म्हणावं.

तेवढ्यात सीमेवर लढाई पेटली आणि माकडाच्या हाती कोलीत मिळालं. साहेब गेटावर येऊन म्हणाले, "जवान तिकडे गोळ्या झेलतायत आणि तुम्हाला संप सुचतोय? लढाई संपल्यावर बोलू."

"माझा भाचा हाय तिकडं," पुतळाबाई म्हणाली. "तो तिथनं हटत नाय, मी इथनं का हटू?"

तिच्या घरात साहेबांचं ते वाक्य जुनं होतं. तिचा बाप सखाराम एकाहत्तरच्या लढाईत खोपोलीच्या एका गिरणीत संपावर होता. त्यालाही हेच सांगितलं गेलं. देशासाठी म्हणून त्याने आपल्या तोंडाने संप मागे घेतला. लढाई संपली, पेढे वाटले, पण बोलायला कोणी आलं नाही. उलट पुढारी म्हणून त्यालाच घरी बसवलं. गिरणीच्या आवाजाने बधिर झालेले कान तेवढे घेऊन तो परतला. त्या म्हाताऱ्याला ती रोज सकाळी आणून माझ्या बाकड्यावर बसवायची. "बघू दे त्याला," म्हणायची.

साहेबांनी मग डोकं लढवलं. हवाई हल्ल्याची तालीम ठेवायची, भोंगा वाजवायचा आणि सुरक्षेच्या नावाखाली पोलिसांकडून बायांना हटवून गेटासमोरचा रस्ता मोकळा करून घ्यायचा. पोलीस आले. भोंगा वाजला.

पुतळाबाईने पदर खोचला. "भोंगा झाला गं! कामगारांनी कुठं जायाचं?"

"हिरव्या पाटीखाली!" बाया ओरडल्या.

हे कंपनीनेच दर वर्षी घोकून घेतलेलं. भोंगा झाला की गेट उघडायचं, सगळ्यांनी आत जमायच्या जागेवरच्या हिरव्या पाटीखाली रांगा धरायच्या आणि प्रत्येक माणूस सापडेपर्यंत कोणी हलायचं नाही. वॉचमन नरेशने सवयीने गेट उघडलेलंच होतं. बाया रांगेने आत गेल्या आणि साहेब त्यांच्यामागे धावले.

हजेरी सुरू झाली. "प्रेसशॉप?"

"एक बाई सापडत नाय," पुतळाबाईने आवाज लावला. "रूपा."

"या बाया आमच्या नाहीत!" साहेब ओरडले. "तालीम संपली. सगळे कामाला लागा!"

कोणी हललं नाही. इतके दिवस मान खाली घालून गेटातून जाणारे कायम कामगारसुद्धा जागचे हलले नाहीत. त्यांतला सुनील म्हणाला, "साहेब, एक माणूस सापडलं नाय. तुमचाच नियम हाय."

यंत्रं बंद होती, ऊन चढत होतं. फौजदार म्हणाला, "अहो, ती बाई तुमची कामगार आहे की नाही, आणि आहे कुठे? सांगून टाका ना."

साहेब पुटपुटले, "रूपा... आमची कामगार. जखमी आहे. दवाखान्यात आहे."

"मोठ्यानं बोला, साहेब. समोर माझा बाप बसलाय. त्याला कमी ऐकू येतं."

साहेबांना ओरडावं लागलं. अख्ख्या कंपनीने ऐकलं. मला इतका आनंद झाला की कढईतले वडे करपले, आणि मी खुशाल करपू दिले.

सखारामबाबाने माझा हात घट्ट धरला. "बोलला का रं त्यो? लढाई संपली?"

"नाय बाबा," मी त्याच्या कानाशी ओरडलो. "संपायच्या आधीच बोलला."