न आलेला रिपोर्ट

परदेशी पाहुणे बंदरावर आले तेव्हा मी सुरमईचा भाव पाडत होतो. दोन गोऱ्या बाया, एक उंच पुरुष, सोबत मुंबईचे डॉक्टर आणि आपल्या जिल्ह्यातल्या सिस्टर. एचआयव्ही आणि गुप्तरोगांची मोजदाद सगळ्या जगात चालते. आमच्याकडे ती कशी होते ते बघायला ही मंडळी आली होती. ज्या शेडमध्ये खलाशांचं रक्त घेतलं होतं, ती शेड डॉक्टर त्यांना दाखवत होते.

माझ्या धाकट्या भावानं त्याच शेडमध्ये रक्त दिलं होतं. दोन वर्षांच्या आत तो गेला.

सौदा तसाच टाकून मी त्यांच्या वाटेत उभा राहिलो. "माझ्या भावाचा रिपोर्ट कुठाय?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "शेट, ती मोजणी होती. नळीवर नाव नसतं, नुसता नंबर. कोणाचं रक्त कुठलं, ते आम्हालाही कळत नाही. माणसाची बदनामी होऊ नये म्हणून तशी पद्धत आहे."

"बांगडा कुठल्या बोटीचा ते मी नुसता बघून सांगतो. आणि तुम्हाला माणसाचं रक्त सांगता येत नाही?"

मागून एक मासेवाली ओरडली, "शेट, जरा दमानं! बर्फ वितळंल तुमच्या रागानं!" लोक हसले. मला आणखी चेव आला.

मी घासाघीस करूनच मोठा झालो. बर्फ फोडण्यापासून सुरुवात केली, आज माझ्या दोन बोटी आहेत. मागणी एकेक पायरी खाली आणायची, पण रिकाम्या हातानं उठायचं नाही, ही माझी सवय. म्हटलं, "नाव राहू दे. त्या दिवशीच्या नळ्यांत एक तरी वाईट निघाली का, तेवढं सांगा." डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "बरं, तेही नको. तुमच्या त्या मोजणीत तो आहे का, एवढं तरी?"

गोऱ्या बायांपैकी एकीनं मी काय म्हणतोय ते डॉक्टरांना विचारून घेतलं. मग ती माझ्याकडे बघून हळू बोलली. डॉक्टरांनी मराठीत सांगितलं, "ज्यांनी ज्यांनी रक्त दिलं, ते सगळे त्यात आहेत."

तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "शेट, आम्ही प्रत्येकाला चिठ्ठी दिली होती. स्वतःचं कळून घ्यायचं असेल तर दवाखान्यात या, तिथं रिपोर्ट मिळतो, औषधही फुकट मिळतं, असं तोंडानंही सांगितलं होतं."

"नव्हती दिली!" मी ओरडलो. सगळ्या बंदराला ऐकू जाईल असा.

सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "राहिली असेल."

चिठ्ठी दिली होती. मी ती पाहिली होती.

आमच्या धंद्यात गाडी भरून मासळीच्या कारखान्याला पाठवली की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फोनकडे लक्ष ठेवायचं. माल खराब निघाला तर फोन येतो. नाही आला तर माल पास. इतकी वर्षं मी याच हिशेबानं चाललोय. रक्त दिल्यावर पंधरा दिवसांनी भाऊ ती चिठ्ठी घेऊन वजनकाट्याजवळ आला. "दादा, जाऊन येऊ काय दवाखान्यात? एकदा बघून टाकतो." त्या दिवशी बोटींना म्हाकुल भरपूर मिळालं होतं, माणसं कमी होती.

मी म्हटलं, "पंधरा दिवस झाले ना? वाईट असतं तर घर शोधत आले असते. कोण आलं नाय, म्हणजे पास झालास. जा, बर्फ भर."

तो हसला आणि बर्फ भरायला गेला. पुढे खोकला लागला, अंग झडलं. रोगाचं नाव कळलं तेव्हा दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, आधी का नाही आलात? भावानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "कामात राहून गेलं."

पाहुणे गेल्यावर मी भाट्ये गावात भावाच्या घरी गेलो. त्याच्या बायकोलाही तेच निघालं होतं, पण ती वेळेवर दवाखान्यात गेली. गोळ्या चालू आहेत, तब्येत धरलीय. तिनं पान वाढलं. मी जेवता जेवता डॉक्टरांना शिव्या घालत होतो. "चिठ्ठीच दिली नाय मेल्यांनी. दिली असती तर मी स्वतः घेऊन गेलो असतो त्याला."

ती आमटी वाढत होती, थांबली.

"भावजी, मला ठाऊक आहे. त्या दिवशी घरी आल्या आल्या सांगितलं त्यांनी. म्हणाले, दादा म्हणतो मी पास झालो. एवढे खूश होते! मी शिरा केला होता त्या दिवशी."

मी तिच्या तोंडून पुढचं ऐकायला थांबलो. दोन शिव्या, एखादा तळतळाट, काहीही चाललं असतं. तिनं आमटी वाढली आणि भात आणायला आत गेली.