मशीनचा पट्टा पिठाच्या डब्यात

…तर मशीनचा पट्टा शेवटी सापडला तो पिठाच्या डब्यात, अगदी तळाशी. आणि सापडला कुणाला, तर नणंदबाईंना. सुट्टीच्या जेवणाला मदत करायला म्हणून आल्या होत्या; म्हणजे मीठ कमी आहे हे सांगायला. मेलेला साप धरावा तसा तो पट्टा दोन बोटांत धरून त्या बाहेर आल्या.

"वहिनी, हे काय?"

"पट्टा आहे वन्सं, ह्यांच्या मशीनचा," शिंपीणकाकू म्हणाल्या. "आज सगळ्यांना सुट्टी. म्हटलं, त्यालाही जरा आराम."

दुसऱ्याच्या आरामाची काकूंना भारी काळजी. त्यांचे यजमान, म्हणजे मास्तर, बाजाराच्या कोपऱ्यावर बसून लोकांच्या पँटी आखूड करत. कापून उरलेले तुकडे घरी आणायचे, एवढाच त्यांचा संसाराला हातभार, असं काकूंचं स्पष्ट मत. त्या तुकड्यांच्या काकू हाताने गोधड्या शिवत. घर सोडून निघालेल्या प्रत्येक लेकराबरोबर एक. थोरला गेला, गोधडी घेऊन गेला. पांघरतो की स्कूटरवर झाकतो, देव जाणे. मधली गेली, तीही घेऊन गेली. आता धाकटी संध्याकाळी पाचच्या गाडीने दूरच्या थंड गावी नोकरीला निघाली होती, आणि तिची गोधडी मधोमध चांगली दोन हात उघडी होती. पंधरा दिवसांपूर्वी काकू ओल्या पायरीवरून घसरल्या. मनगट मोडलं, तेही उजवंच. डावं मोडायला काय झालं होतं?

"आई, दुकानात चांगलं ब्लँकेट मिळतं गं," धाकटी समजुतीने म्हणाली.

दुकानात चांगली आई मिळते, असंच जणू ती म्हणाली, अशा नजरेने काकूंनी तिच्याकडे पाहिलं.

मास्तरांकडे उपाय तयार होता. "घरच्या मशीनवर टाक, अर्ध्या तासात उडवतो."

"मशीन लागलं की गोधडी राहत नाही, तंबू होतो," काकू म्हणाल्या. पट्टा पिठात गेला तो त्यानंतरच.

बाहेर झाडांना कोवळी पालवी फुटलेली, शेजारीपाजारी डबे भरून बागेत चाललेले. आणि हे कुटुंब सुट्टी साजरी करत होतं फरशीवर मांडी घालून, हातात सुया घेऊन. स्वयंपाकघरात कोंबडीचा रस्सा रटरटत होता, वाटाण्याचा भात दमाला लावला होता. वासाने सगळ्यांचे टाके लांब लांब पडायला लागले. सुट्टीला आलेल्या थोरल्याचे तर त्याच्या पत्रांसारखे: मोठे मोठे, आणि आत काही नाही. धाकटी दर चौथ्या टाक्याला बोट चोखत होती. काकू प्लास्टरचा हात उशीवर ठेवून राणीसारख्या बसल्या होत्या, पण डोळे घड्याळावर. अकराचे बारा झाले. दोन हातांचा एक हात झाला.

मास्तर मात्र रंगात आले होते. नवी कोरी राखाडी पँट घालून बसले होते. लोकांच्या पँटी कापता कापता अकरा वर्षांनी स्वतःसाठी शिवलेली ही पहिली. गोधडीची कड त्यांनी खुशाल मांडीवर ओढून घेतली.

"अहो, मांडीवर घेऊ नका. खाली जमिनीवर राहू दे."

"चाळीस वर्षं कातर चालवतोय. मला शिकवू नकोस."

"बरं बाई. नाही शिकवत."

आणि खरंच, काय टाके घातले त्या माणसाने! मुंगीच्या पावलांसारखे. असे टाके गिऱ्हाइकाला मिळते तर मास्तरांचा बंगला झाला असता. दोन वाजता शेवटची गाठ मारून त्यांनी ऐटीत दोरा तोडला. आतून नणंदबाई ओरडल्या, "उठा आता, पानं वाढलीत!"

मास्तर उठले. गोधडीही उठली.

धाकटी हसून हसून भिंतीला टेकली. थोरल्याने गोधडी उलटून पाहिली. "बाबा, वीतभर पँट आत शिवलीय. पक्की."

"उसवा की मग," नणंदबाई म्हणाल्या.

काकूंनी घड्याळाकडे पाहिलं. ते टाके उसवायचे म्हणजे मधला भाग पुन्हा उघडा, आणि पाचची गाडी काही कुणाच्या मांडीसाठी थांबणार नव्हती. काकू पँटकडे पाहत राहिल्या, मास्तर गोधडीकडे.

"कातर द्या," मास्तर म्हणाले.

"बाबा, नवी पँट आहे!" धाकटी म्हणाली.

"मला दिसतंय. कातर दे."

टाक्यांच्या बाहेरून, अगदी मापात, त्यांनी स्वतःची मांडी मोकळी करून घेतली. मग कमरेला टॉवेल गुंडाळून पानावर बसले आणि दोनदा रस्सा मागून घेतला. मीठ कमी आहे, हे मात्र नणंदबाईंच्या आधी बोलले.

चार वाजता घडी घालताना धाकटीला गोधडीच्या मागे तो राखाडी तुकडा दिसला. "आई, हा काढून टाकू का हळूच? कुणी पाहिलं तर हसतील गं."

काकूंनी डाव्या हाताने तो तुकडा नीट सपाट केला आणि म्हणाल्या, "हात लावू नकोस त्याला. आजवरच्या सगळ्या गोधड्या गिऱ्हाइकांच्या पँटींच्या. बापाने अंगावरचं कापड दिलं ते तुझ्या एकटीच्या गोधडीला, आणि तेही मी नको नको म्हणत असताना. ती बाजू आत घेऊन झोपत जा. आणि अहो, टॉवेल सावरून कुठे निघालात? पट्टा धुऊन वाळत घातलाय, पँटला ठिगळ लावा आणि पोरीला गाडीवर सोडायला चला."